रविवारी जाऊ की

सयाजीचे कान एका दिवसात गेले नाहीत. उचगावजवळच्या एका फौंड्रीत तो कास्टिंग घासायच्या कामाला होता. ग्राइंडर लोखंडाला लागला की शेजारच्या माणसाचं बोलणं फक्त ओठांवर दिसायचं. तिथं सगळं हातवाऱ्यांवरच चालायचं, त्यामुळं त्याला कमी ऐकू येतंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. गावातही आलं नाही. आमच्याकडं शेजारी बसलेल्याशीसुद्धा माणूस ओढ्यापल्याड हाक मारावी तसा बोलतो.

लक्षात आलं ते त्याच्याच. कुकरची शिट्टी झाली म्हणून त्याची बायको शालन उठायची, आणि त्याला शिट्टी ऐकूच आलेली नसायची. साल ब्याण्णव-त्र्याण्णव असेल. त्यानं कुणाला सांगितलं नाही. फौंड्रीत त्याच्याआधी एकजण बहिरा झाला होता. लोक त्याच्या पाठीमागं उभं राहून त्याला शिव्या द्यायचे आणि हसायचे. सयाजीही हसला होता.

मग तो माणसांच्या तोंडाकडं बघून बोलणं ओळखायला शिकला. नाहीच कळलं तर 'व्हय की', 'बघू की', 'बरं हाय' यातलं एक काहीतरी बोलायचं. बहुतेक वेळा ते चालून जायचं.

शालन गारगोटीकडची, मुळातच हळू बोलणारी. त्यात तिला स्वयंपाक करता करता, पाठमोरं बोलायची सवय. दिवसभरातलं सगळं ती भाकरी थापताना सांगायची. तो मागं पाटावर बसून तिच्या पाठीकडं बघत 'व्हय की' म्हणायचा.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात एका सोमवारी गारगोटीहून निरोप आला. शालनचे वडील, आण्णा, आजारी होते. लेकीची आठवण काढत होते. संध्याकाळी सयाजी कामावरून आला, हातपाय धुऊन बसला. स्टोव्ह भरभरत होता. शालन त्याच्याकडं पाठ करून म्हणाली, "आण्णांचं लई बरं न्हाय. मला गारगोटीला घेऊन जाता का?"

त्याच्या कानावर स्टोव्हची घरघर आली आणि शेवटचं 'जाता का' तेवढं आलं. तिनं वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर विचारणं होतं. जोतिबाला जायचं तिच्या मनात बरेच दिवस होतं, ते सयाजीला माहीत होतं.

"रविवारी जाऊ की," तो म्हणाला.

शालन परत स्टोव्हकडं वळली. तिला एकटीला एस.टी.नं जाता आलं असतं, पण नवरा स्वतःहून रविवारी येतो म्हणाला, तर त्याला टाकून कसं जायचं, असं तिला वाटलं. तिनं पिशवीत दोन लुगडी भरून ठेवली. सयाजीनं ती पिशवी बघितली आणि जोतिबाची तयारी चालली आहे, असं समजून तो मनात खूश झाला.

शुक्रवारी सकाळी आण्णा गेल्याचा निरोप आला.

गारगोटीला आण्णांची माती झाली. सयाजी मोकळ्या मनानं रडला, सासऱ्यांचा त्याच्यावर जीव होता. मग बायकांच्या घोळक्यात बसलेल्या शालनजवळ जाऊन तो नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "इतकं आजारी हुतं तर मला सांगायचं न्हाय व्हय?"

शालननं त्याच्याकडं बघितलं. लोकांच्या तोंडाकडं बघून बोलणं ओळखणाऱ्या त्या माणसाला त्या नजरेचा अर्थ लागला नाही. दुःखानं बघतेय, असं त्याला वाटलं. चारचौघांत स्वतःला साळसूद दाखवायला हा माणूस असलं बोलतोय, असं तिला वाटलं.

त्यानंतर ती त्याला काही सांगेनाशी झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वाढून झालं की ती ताटावर बोटानं टकटक करायची. चहा समोर ठेवायची. खरं सांगायचं तर सयाजीला ते सोयीचंच झालं. बोलणं नाही म्हटल्यावर पकडलं जायची भीती नाही. बायकोनं आपल्याला सांभाळून घेतलंय, असं मानून तो बरीच वर्षं सुखात राहिला.

त्यांच्या मुलीला, संयोगिताला, आईवडिलांत काहीतरी बिनसलंय एवढं कळत होतं. ती लग्न होऊन जयसिंगपूरला गेली. मग घरात फोन बसला. तिचा फोन आला की सयाजी 'व्हय की, बरं हाय' म्हणून रिसीव्हर शालनच्या हातात द्यायचा. एकदा शालन देवळात गेली होती. संयोगितानं सांगितलं, "आबा, मला दिवस गेल्यात."

"बघू की," सयाजी म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

ती आठवड्याभरात माहेरी आली. तो अंगणात दोरी वळत बसला होता. त्याच्या पाठीमागं उभं राहून ती म्हणाली, "आबा." मग मोठ्यानं म्हणाली. दारात उभी असलेली शालन ते बघत होती. सयाजी दोरी वळत राहिला.

कोल्हापुरात कानाच्या डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. बाहेर आल्यावर विचारलं, "किती वर्षं झाली?"

"पंधराएक वर्सं तरी झाली असतील," सयाजी खाली बघत म्हणाला.

शालन शेजारच्या खुर्चीवर होती. तिघं घरी आली. संयोगिता आत गेल्यावर ती सयाजीच्या अगदी समोर येऊन बसली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आण्णा आजारी हुतं तवा मी तुमास्नी काय इचारलेलं?"

"कवा?"

"स्टोपाशी. तुमी रविवारी जाऊ म्हणालासा."

त्याला आठवायला वेळ लागला. "जोतिबाला जायचं इचारलंस की."

शालननं पदर तोंडाला लावला. मग ती म्हणाली, "गारगोटीला म्हणालो हुतो मी. रविवारची वाट बघत बसलो."

सयाजीच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती, ती त्यानं उगीच उघडली आणि परत घडी केली. "मी ऐकू येत न्हाय म्हणून सांगायला पायजे हुतं," तो म्हणाला.

"आणि मी परत एकदा इचारायला पायजे हुतं," ती म्हणाली. "इचारलंच न्हाय."

पुढच्या महिन्यात त्याच्या कानाला मशीन बसलं. आता त्याला नळाचं पाणी ऐकू येतं, पत्र्यावरचे कावळे ऐकू येतात. शालन बहिणीशी फोनवर बोलताना हसते, तेही ऐकू येतं. सकाळी तो स्वयंपाकघरात जाऊन बसतो.

"बोल की कायतरी," तो म्हणतो.

ती थांबते, आठवून बघते. इतक्या वर्षांचं साचलेलं कुठून काढायचं, तिला सुचत नाही. एकदा तिनं संयोगिताला टायफॉइड झाला होता तेव्हाचं काढलं, सगळ्या रात्री एकटीनं कशा काढल्या ते, आणि मग 'जाऊ दे' म्हणून उठली. मग ती विचारते, चहा टाकू का, साखर पुरे का. तो म्हणतो, टाक, पुरे. बाहेरून आलेल्या पावण्याशी बोलावं तशी दोघं एकमेकांशी बोलतात, जपून, आदरानं, आणि बोलणं संपलं की दोघंही उठायचं निमित्त शोधतात.