दुसरा मजला सोडून

भिंत पडली. सातव्या दिवशी, सातव्या फेरीनंतर, तिसऱ्या आरोळीला. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कुणी उगाच जीव मुठीत धरून बसायला नको. आता मात्र असं धरून चालू की काही पडलंच नाही. विजय मंडळी या चर्चचं अधिकृत म्हणणं तेच आहे, आणि मंडळीच्या म्हणण्याबाहेर जायची मिन गमरे या बाईची टाप नव्हती.

गमरे तिथे सेविका होती. सेविका म्हणजे रविवारी भांडी, बुधवारी झाडू आणि रोज पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन प्रार्थनेच्या उशा-सतरंज्या. कोरियातल्या इंचॉन शहरात एका चढावरची ती इमारत. तळाला, म्हणजे तिथल्या हिशेबाने पहिल्यावर, तळलेल्या कोंबडीचं दुकान, तिसऱ्यावर बिलियर्ड, चौथ्यावर मंडळी. कोरियन भाषेत चार आणि मरण यांचा उच्चार एकच, म्हणून लिफ्टमध्ये चारच्या जागी इंग्रजी एफ लिहिलेला होता. सैतानाला न भिणारी सगळी माणसं रोज तो एफ दाबून वर जायची.

दुसरा मजला बरेच दिवस रिकामा होता. वसंतात तिथे एक देवऋषीण राहायला आली. खिडकीबाहेर बांबू, बांबूला तांबडं आणि पांढरं फडकं, दारावर पाटी : घोडेस्वार सेनापतीचं ठाणं. थंडी सुरू झाली आणि मंडळीचा बॉयलर बंद पडला. पाळक यॉम यांचा घसा बसला. गायकवृंदात खालचा सूर धरणाऱ्या दोघी तर थेट दुसऱ्या मंडळीत गेल्या.

"खालून चढतंय ते," मंडळीतल्या सर्वांत जुन्या यिम आजी म्हणाल्या. "ऊब वर चढते तसा दुरात्माही वर चढतो."

"ऊब कुठे चढतेय, आजी? बॉयलर बंद आहे."

"म्हणून तर. ऊब अडवून तो एकटाच वर येतो."

बसक्या घशाने पाळकांनी जाहीर केलं की आत्मिक युद्धात तोफ एकच असते, प्रार्थना, आणि ती आता डागायची वेळ झाली आहे. बायबलात यरीहो शहराचा तट पाडला तसं करायचं. सहा दिवस रोज इमारतीला एक फेरी, तोंडातून शब्द न काढता. सातव्या दिवशी सात फेऱ्या, मग सगळ्यांनी मिळून तीनदा "प्रभू!" अशी आरोळी. शत्रूची तटबंदी जमीनदोस्त.

गमरेने हात वर केला. "पाळकसाहेब, त्याच तटबंदीत आपणही राहतो ना?"

"विश्वास धरा, सेविकाबाई."

"विश्वास धरला तर पडेल, म्हणूनच विचारतेय."

पाळकांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "प्रार्थनेत मजला स्पष्ट सांगत चला."

गमरेच्या जिवाला लागलेली टोचणी मात्र वेगळीच होती, आणि ती तिने कुणापाशी बोलून दाखवली नव्हती. दुसऱ्या मजल्यावरची देवऋषीण तिची सख्खी थोरली बहीण होती, होसुन. पंचविशीत होसुन आजारी पडली. डॉक्टर झाले, उपास झाले, आईने डोंगरावरच्या प्रार्थनाघरात गुडघे सोलून घेतले. शेवटी कुणीतरी ढोल वाजवला, होसुनच्या अंगात सेनापती आला आणि ती खडखडीत बरी झाली. वडिलांनी तिच्यासाठी घराचं दार लावून घेतलं. तेव्हापासून गमरे रोज पहाटे एकच मागत आली होती : प्रभू, माझ्या ताईला माघारी आण. प्रभूने आणलं. त्याच इमारतीत, दोन मजले खाली, सेनापतीसकट. गमरेला वाटायचं, मागताना तपशील भरायला हवा होता.

उन्हाळ्यात एकदा दोघी लिफ्टमध्ये समोरासमोर आल्या होत्या. दोघींनी आकड्यांकडे पाहिलं. "एफ ना?" म्हणत होसुनने तिच्यासाठी बटण दाबलं आणि स्वतः दुसऱ्यावर उतरली. संभाषण एवढंच. त्या रात्री गमरेने ते उशिरापर्यंत पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. एफ ना. रागाने म्हणाली असेल का? नुसतं एफ म्हणता आलं असतं. ना कशाला लावला?

आणि आता ही फेरी. ताई पुन्हा गेली तर या खेपेला कुठून मागायची?

पहिल्या दिवशी मंडळी निघाली. मागची बोळ इतकी अरुंद की एकामागे एक जावं लागे. एसीची यंत्रं, कोंबडीवाल्याच्या तेलाचे रिकामे डबे, कुणाच्या तरी किमचीचे, मुरवत ठेवलेल्या कोबीचे, रांजण. रांजणाला वळसा घालताना यरीहो पाडणाऱ्या यहोशवाचं हे सैन्य पोट आत घेत होतं. हे लोक गप्प राहायला शिकलेले नव्हते. त्यांची प्रार्थना म्हणजे सगळ्यांनी एकदम, छाती फुटेस्तोवर ओरडून. गप्प चालताना त्यांचे चेहरे उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखे थडथडत होते.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्याची खिडकी उघडली. होसुन भाजलेलं रताळं खात होती.

"काय गं," ती वरून म्हणाली, "रोज गोल गोल फिरताय. काही हरवलंय का?"

सगळे खाली मान घालून चालत राहिले.

"तू गं, करड्या कोटातली. डावा गुडघा अजून धरतो वाटतं? थंडीत त्याला पट्टा बांधत जा, किती वेळा सांगायचं."

इतक्या वर्षांनी ताई आपणहून बोलली, आणि गमरेला बोलायची बंदी. तिने वर पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं. मागून यिम आजींनी पाठीत ढोसलं. होसुनने थोडी वाट पाहिली. मग खिडकी लावून घेतली.

वर पोचताच झाकणं उडाली.

"डावा गुडघा! बरोब्बर डावा सांगितला."

"आपल्याला तरी ठाऊक होता का?"

"मला उजवा वाटायचा," पाळक म्हणाले. त्यांचा रंग उडाला होता. "दुरात्म्याचं ज्ञान आहे ते. सेविकाबाई, तुमच्यावरच त्याचा डोळा आहे. आजपासून तुमच्यासाठी खास प्रार्थना."

लहानपणी बर्फावरून घसरून तो गुडघा फुटला तेव्हा याच दुरात्म्याने आपल्याला पाठीवरून घरी नेलं होतं, हे गमरेला सांगता आलं असतं. ती म्हणाली, "आमेन."

चौथ्या दिवशी मागच्या दाराशी बार्लीच्या चहाचा भलामोठा थर्मास आणि कागदी पेले ठेवलेले होते. कोणी हात लावेना. यिम आजींनी पेला पालथा केला, आत पाहिलं, बाहेरून पाहिलं, आणि गपकन दोन पेले पिऊन टाकले. नंतर म्हणाल्या की त्या बेसावध होत्या.

गमरेची झोप उडाली. शत्रू माणूस नव्हे, माणसामागचा अंधार आहे, असं पाळक दर रविवारी सांगत, आणि ते तिला पटतही होतं. सेनापती जावा असं तिला मनापासून वाटे. पण अंधाराला गुडघ्याची काळजी कशाला? आणि सेनापती गेला आणि ताईही त्याच सामानाच्या गाडीतून गेली तर? दोघांना वेगवेगळं कसं मागायचं? भांडी घासताना ती हेच घोकायची आणि धुतलेलीच ताटं पुन्हा धुवायची.

सहाव्या दिवशी पहाटे मोठी प्रार्थना झाली. पाळकांनी हात उंचावला आणि सगळे एकदम सुटले. कोणी मजला फोडत होतं, कोणी बांबू जाळत होतं, कोणी मधेच नातवाच्या परीक्षेचंही उरकून घेत होतं. या गोंगाटात एक सोय असते. देवाशिवाय कुणालाच काही ऐकू येत नाही. गमरेही जीव तोडून ओरडू लागली. बराच वेळ गेला. पाळकांनी टेबलावरची घंटी वाजवली आणि सगळे एका क्षणात गप्प झाले. डोळे गच्च मिटलेल्या गमरेला घंटी ऐकू आली नाही.

"...हे काय म्हणतात ते ऐकू नकोस, प्रभू! दुसऱ्या मजल्याला धक्का लावू नकोस! माझी ताई आहे तिथे!"

तिने डोळे उघडले. सगळी मंडळी तिच्याकडे पाहत होती.

"म्हणजे," यिम आजी सावकाश म्हणाल्या, "सहा दिवस आम्ही इकडून ढकलतोय आणि तू तिकडून धरून उभी आहेस?"

"हो, आजी."

"तरीच बॉयलर लागत नाही."

पाळक तिला बाजूला घेऊन गेले. ते रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "सेविकाबाई, तुमच्या बहिणीच्या सुटकेसाठीच लढतोय आपण."

"पण पाळकसाहेब, यरीहोतही एक घर वाचलं होतं. खिडकीला तांबडा दोर बांधलेलं. ताईच्या खिडकीला तर तांबडं फडकं आधीपासूनच आहे."

"त्या घरातल्या बाईने देवाच्या माणसांना लपवलं होतं."

"ताईने चहा दिला."

पाळकांनी बायबल चाळलं. पुस्तकात चहाबद्दल काही नव्हतं. "उद्या फेरीला या," एवढंच म्हणाले.

सातव्या दिवशी ती गेली. सात फेऱ्या झाल्या. पहिल्या आरोळीला कोंबडीवाला बाहेर आला. दुसरीला बिलियर्डवाले खिडकीत आले. तिसरीला चौथ्या मजल्याच्या मागच्या भिंतीच्या फरशा, त्यामागचं प्लास्टर आणि मंडळीच्या स्वयंपाकघराची निम्मी भिंत कोसळून तेलाच्या डब्यांवर आली. कुणाला खरचटलंही नाही. बांबू जागच्या जागी होता. धुरळ्यातून सगळ्यांत आधी धावत आली ती होसुन, एका पायात चप्पल, दुसऱ्यात नुसता मोजा.

"गमरे! ए गमरे! कुठे आहेस?"

"इथे आहे, ताई."

"मेली नाहीस ना? मग तोंड का मिटून उभी आहेस? तुला काय बोलायला मनाईये?"

"आता नाहीये," गमरे म्हणाली आणि रडायला लागली.

होसुनने तिला आपल्या घरात नेलं. कणकेचे तुकडे तोडून टाकलेलं, आई करायची तसं सूप केलं. कोपऱ्यात सेनापतीच्या चित्रापुढे मेणबत्ती जळत होती. गमरेने चित्राकडे पाठ करून खुर्ची ओढली आणि हात जोडले. होसुन चमचा हातात धरून थांबली.

"लांबवू नकोस. गार होतं."

गमरेला काय मागावं ते सुचेना. "प्रभू," ती म्हणाली, आणि पुढे काहीच नाही.

"झालं?"

"नाही. पण तू सुरू कर."

जेवता जेवता होसुन म्हणाली, "तुमचे लोक मला घालवणार. सेनापतीही म्हणतोय जागा बदल. जाऊ का?"

"तो जाऊ दे. तू बस."

"त्याचं-माझं वेगळं बिऱ्हाड नाही गं."

"मी मागतेय ते. वेळ लागेल."

संध्याकाळी बैठक झाली. पाळकांनी सांगितलं की भिंत पडलेली नाही, फरशा जुन्या होत्या. यरीहो अजून व्हायचं आहे. मजला नीट सांगितला गेला नसावा, म्हणून सोमवारपासून पुन्हा सात दिवस. गमरेने मान डोलावली. मग खाली जाऊन तिने व्यवस्थापन समितीच्या पेटीत एक अर्ज टाकला :

प्रति, इमारत व्यवस्थापन समिती. विषय : दुसरा मजला वगळणेबाबत. महोदय, सोमवारपासून सुरू होणाऱ्या धार्मिक फेऱ्यांच्या कालावधीपुरता सदर इमारतीचा दुसरा मजला इमारतीबाहेर असल्याचे समजण्यात यावे. पहिल्या मजल्यावर थेट तिसरा मजला टेकत असल्याची नोंद नकाशात करावी. ओळखीसाठी खिडकीस तांबडे कापड लावलेले आहे. मजल्यावरील सेनापतीस जागा सोडण्याची नोटीस स्वतंत्रपणे देण्यात यावी. त्यांच्यासोबत राहणाऱ्या भगिनीस ती लागू करू नये.