पाहुण्यांची फळी

इंटरमिटंट हा शब्द मला शाळेनं शिकवला नाही. शाळेनं शिकवलेलं फारसं काही कामालाच आलं नाही, पण तो राग वेगळा. हा शब्द शिकवला बाबांनी, आमच्या अँप्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात. शब्दकोशात त्याचा अर्थ 'अधूनमधून होणारा' असा दिलाय. लिहिणाऱ्यानं जन्मात एका अँप्लिफायरचं झाकण उघडलेलं नसणार.

"अधूनमधून दिसतो, होत नाही," बाबा म्हणायचे. "बिघाड आत ठाण मांडून बसलेलाच असतो. आपल्याला तोंड तेवढं कधीतरी दाखवतो. गिऱ्हाईक म्हणेल, आता चालतोय की! त्याला सांगायचं, चालतोय म्हणजे बरा झालेला नाही. इंटरमिटंट आहे."

असला अँप्लिफायर आला की तो दुकानातल्या एका लांब फळीवर जायचा. तिचं नाव पाहुण्यांची फळी. तिथं तो दिवसभर चालू ठेवायचा, मध्येच स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टकटक करायची आणि कान द्यायचा. बिघाड डोळ्यांसमोर आल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही, हा दुकानाचा कायदा. माझ्या लहानपणापासून आजवर तो कुणी मोडला नव्हता.

आणि मग बाबाच बिघडले.

आईनं पहिल्यांदा पाहिलं. चहा पिता पिता बाबा भिंतीकडे बघत राहिले, कप हातात कलंडला, चहा मांडीवर सांडला तरी हूं की चूं नाही. थोड्या वेळानं भानावर आले आणि आईलाच म्हणाले, "चहा सांडलास होय?"

काका आले, सोफ्यावर पसरले आणि निकाल देऊन मोकळे झाले. "वयाचं आहे, वहिनी. अधूनमधून सगळ्यांनाच होतं."

या 'अधूनमधून'ची मला चीड आहे. डॉक्टरकडे जायचा कंटाळा आला, भीती वाटली, की लोक हा शब्द पांघरूण म्हणून ओढतात आणि खाली माणूस मरतो. मी काकांच्या तोंडावर हेच बोलले. काका चहा न घेता गेले. बरंच झालं.

माझी भीती वेगळीच होती. बाबा चालू करंटमध्ये हात घालणारे. झाकण उघडं, हात आत आणि तेवढ्यात भिंतीकडे बघत राहिले तर?

"डॉक्टरकडे चला," मी म्हटलं.

"तू पाहिलंस?"

"आईनं पाहिलं."

"गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून आपण झाकण खोलतो का गं?"

माझाच बाप. माझ्याच दुकानात, माझ्याच कायद्यात मला अडकवून मिशीत हसत होता.

"बरं," मी म्हटलं. पाहुण्यांच्या फळीपाशी स्टूल ओढलं. "बसा इथं. आजपासून तुम्ही पाहुणे. चालू करंटचं काम माझं."

"चहापाणी मिळेल का पाहुण्याला?"

"वाजलात तर मिळेल." मी त्यांच्या खांद्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टकटक केली.

"अगं ए, हळू! जुना माल आहे."

दिवसामागून दिवस गेले. बाबा स्टुलावर बसून सुटे पार्ट सोल्डर करायचे, गिऱ्हाइकांची नक्कल करायचे, माझ्या कामात चुका काढायचे. ठणठणीत. मलाच वाटायला लागलं, काका बरोबर होते की काय. पाहुणा असाच फसवतो.

मग एका दुपारी ते बोलत होते, "त्या बँडवाल्याला सांग की..." आणि आवाज तुटला.

मी मान वर केली. बाबांचे डोळे भिंतीवर, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते. हातातली तापलेली सोल्डर गन अंगठ्याकडे झुकत चाललेली. मी हाक मारली. मूठ सुटेना. मी मनगट धरून गन बाजूला वळवली आणि दुसऱ्या हातानं प्लग ओढला. मग नुसती उभी राहिले, तो दगडासारखा हात धरून.

"...की शनिवारी ये," बाबा म्हणाले. मग आपल्या मनगटावरचा माझा हात पाहिला. ओढलेला प्लग पाहिला. माझा चेहराही पाहिला असणार, कारण गन त्यांनी आपणहून खाली ठेवली.

"दिसला?"

"दिसला."

"नक्की? तू टकटक केली नव्हतीस ना?"

"नाही हो, बाबा." मला रडू फुटलं.

"अगं, रडतेस कशाला? सापडला की!" त्यांनी मळक्या फडक्यानं माझं नाक पुसलं, सोल्डरच्या वासासकट. "मग आता खोलू. कुठला डॉक्टर म्हणत होतीस?"

शटर त्यांनीच खाली ओढलं. मग खिशातून स्कूटरची चावी काढली आणि माझ्या हातात ठेवली. ही चावी त्यांनी आजवर कुणाला दिली नव्हती, काकांनाही नाही. गुपचूप मागच्या सीटवर बसले.

"आणि ऐक," मागून म्हणाले, "डॉक्टरला अधूनमधून म्हणू नकोस. तो गोळी देऊन घरी पाठवेल. नीट शब्द सांग."

"तुम्हीच सांगा की."

"मी सांगतो. पण तेव्हाच मी भिंतीकडे बघायला लागलो तर तू सांग."