आठवं फूल

लमदुआनने काट्यांतून बोट घालून फुलं तिसऱ्यांदा मोजली. सहा, सात... आठ!

"ओत! अरे ऊठ मेल्या! आठ झाली!"

तिची आरोळी ऐकून शेजारची साम्नियांग चुलीवरचा भात तसाच टाकून धावत आली. पोयसियनच्या काटेरी झुडपावर एका घोसात आठ फुलं उमलली की आठ देव घराच्या पाठीशी उभे राहतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि आजच लष्करभरतीची सोडत होती. पेटीतून काळी चिठ्ठी निघाली तर पोरगा घरी. लाल निघाली तर दोन वर्षं फौजेत. नवरा गेल्यापासून लमदुआनला या एका पोराशिवाय कुणी नव्हतं.

"काल तर सातच होती ना गं?" साम्नियांगने डोळे बारीक केले.

"कालचं काल! तू लांबूनच बघ बाई, नजर लावशील."

ओत डोळे चोळत बाहेर आला. आठवं फूल बघून तो आई आणि कुंडीच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"हात लावू नकोस हं आई," एवढंच म्हणाला. "गळतील."

शाळेच्या पटांगणात जत्रा लोटली होती. काळी चिठ्ठी निघाली की शिट्ट्या, लाल निघाली की हंबरडा. ओतचं नाव पुकारलं तशी लमदुआन कुंपणावर चढली.

"आठ आहेत रे, आठ! घाबरतोस काय?"

"मावशी, दोन फुलं आम्हालाही द्या की!" रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

ओत मात्र हसला नाही. त्याचा हात असा लटपटत होता की भरतीच्या साहेबाला पेटी धरून ठेवावी लागली. लमदुआनला रागच आला. एवढे आठ देव पाठीशी असताना थरथरायचं काय?

काळी!

चपला कुठे उडाल्या, तिला कळलं नाही. धावत जाऊन तिने ज्याला मिठी मारली तो ओत नव्हता, साहेब होता.

घरी येताच ती झेंडूची माळ घेऊन कुंडीपाशी गेली. उन्हात एक फूल मातीवर पडलं होतं. देठाला भाताचं वाळलेलं शीत होतं. तिने वर पाहिलं. घोसात सातच फुलं होती. आठवी कळी अजून मिटलेली होती.

म्हणजे आठवं फूल पोरानेच चिकटवलं होतं, आणि खरी सातच आहेत हे जाणून ते पेटीपाशी गेलं होतं. तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"आई, साम्नियांग मावशी आलीय बघायला," मागून ओतचा आवाज आला, जरा घाबराच. "आहेत ना आठ?"

लमदुआनने हाताशी असलेल्या टोपलीतून चिकट भाताचं एक शीत घेतलं, अंगठ्याने देठावर दाबलं आणि पडलेलं फूल पुन्हा घोसात होतं तिथे बसवलं.

"आहेत रे, मोजून आठ," ती पाठमोरीच म्हणाली. "पण कुणी हात लावू नका हं. गळतील."