क्लेमची दुर्बीण का अडायची

क्लेमच्या दुर्बिणीची मोटर मधेच अडायची. दहा मिनिटं चालली की थांबायची, मग आपोआप चालू व्हायची. तारा सरकतो तशी दुर्बीण फिरवायचं काम तिचं. ती थांबली की तारा गेला हातचा. एकाच ताऱ्याचा उजेड कमीजास्त होतो, तो क्लेम एकतीस वर्षं वहीत लिहीत होता. बायको गेली त्या रात्रीचीही नोंद आहे.

"तू बोअरचे पंप दुरुस्त करतोस ना, हाही पंपच समज," तो मला म्हणाला. "वही बंद पडली तर जेनीन मला ॲडलेडला नेऊन म्हाताऱ्यांच्या घरात टाकेल. इथं राहायला दुसरं कारण काय सांगू तिला?"

जेनीन त्याची लेक.

मोटर मी गॅरेजात आणून दिवसभर चालवली. गुमान चालली. म्हटलं, थंडीनं अडत असेल, जुलै म्हणजे आमच्याकडं ऐन हिवाळा, नळ गोठतात. खाटकाच्या थंड खोलीत, टांगलेल्या मेंढ्यांखाली ठेवली.

"ही कुठल्या जातीची मेंढी?" खाटीक म्हणाला.

तिथंही चालली. वायरी बदलल्या, बॅटरी बदलली, मोटर परत बसवून दिली. दुसऱ्या दिवशी क्लेमचा फोन, "अडली."

मग संध्याकाळी त्याच्या शेडमध्ये नुसता जाऊन बसलो. दुर्बीण आपली फिरत होती. क्लेम खुर्चीतून उठला, डोळा लावला, डावा हात नळीवर टाकला. गुडघे लटलट कापत होते. सगळा भार त्या हातावर आला, तशी मोटर कण्हली आणि गप्प झाली.

"बघितलंस?" म्हणाला आणि चिडून खाली बसला. मोटर चालू झाली.

बघितलं होतं मी.

"वायरच असणार कुठंतरी," म्हटलं.

सकाळी बोअरचा जुना पाइप नेला. वर आडवा तुकडा वेल्ड केला आणि दुर्बिणीशेजारी काँक्रीटमध्ये गाडला, कमरेइतका उंच, भार टाकायला. क्लेमनं चाळीस वर्षं टेलिफोनच्या तारा ओढलेल्या. पाइपवरून त्यानं हात फिरवला.

"बरीच जाड वायर सापडली रे तुला."

मी पाने-पकडी आवरत राहिलो.

"जेनीनला बोलू नकोस."

"वायरचं काय बोलायचं असतं, म्हातारबा?"

एकोणीस रात्री मोटर अडली नाही. विसाव्या सकाळी पाव द्यायला गेलो, तर शेडमधून घरघर येत होती. दुर्बीण ताऱ्यामागं जात जात पार जमिनीकडं झुकलेली, मोटर चालूच. क्लेम पाइपाच्या बुडाशी. खुबा मोडला होता. डॉक्टर म्हणाला, पडल्यावर बराच वेळ जिवंत होता, गारठ्यानं गेला.

पुरून आल्यावर जेनीननं चहा केला.

"बाबा फोनवर सारखं मोटरचं सांगायचे. काय झालं होतं तिला?"

"वायर," मी म्हणालो.

तिनं खिडकीतून शेडकडं बघितलं.

"मग तो पाइप कशाला?"