लालवर लाल

अनुजाला कादंबरीचं सगळंच खुपायचं. तिचं फणसवाडीतलं घर, तिचं हसणं, अगदी तिचा डबासुद्धा. दोघी परळच्या एकाच ऑफिसात एकाच दिवशी लागल्या होत्या, पण फोनवर रांगोळीत रंग भरायचं ॲप लालबागच्या महिला मंडळाला दाखवायला यतीनसरांनी निवडलं ते कादंबरीला. बायकांना ते आवडलं की टीम लीडही तीच होणार होती. अनुजाच्या पोटात नुसतं दुखत होतं.

त्यात ॲप दाखवायच्या आदल्या दिवशी चिंचपोकळीला घरी आईनं ॲप हाताळून पाहिलं. आईची सवय रांगोळीची; रंग विरळ दिसू नये म्हणून त्याच रंगाचा दुसरा हात द्यायचाच. तिनं लाल पाकळीवर पुन्हा लालच टेकवला आणि ॲप बंद पडलं.

अनुजाला चूक लगेच कळली. रांगोळी बारीक चौकोनांची बनलेली; एक चौकोन रंगला की तो शेजारच्या चौकोनांना रंगायला सांगतो. रंग बदलला म्हणजे काम झालं, एवढीच प्रोग्रॅमची खूण. लालवर लाल भरला तर बदलणार काय, कपाळ? मग चौकोन एकमेकांना सांगतच बसतात, फोनचा दम संपेपर्यंत. कादंबरीला एक फोन केला असता तर भागलं असतं. अनुजानं तो केला नाही. पडू दे एकदा तोंडावर, मग आपण आहोतच.

दुसऱ्या दिवशी मंडळात झालंही तसंच. मंडळाच्या आनंदीकाकूंनी कमळ लाल केलं, सवयीनं दुसरा हात दिला आणि ॲप बंद. कादंबरीचा चेहरा उतरला. यतीनसरांशेजारी बसलेली अनुजा जागेवरूनच म्हणाली, असलेला आणि नवा रंग एकच असेल तर काही न करता परत फिरायचं, एवढी ओळ हवी. मग तिनं लॅपटॉप ओढला आणि ती लिहिली. काकूंनी कमळावर पुन्हा पुन्हा लाल फिरवला, काही बिघडलं नाही. पुढचं काम आता अनुजाच सांभाळेल, असं यतीनसरांनी तिथंच सांगून टाकलं.

जिना उतरताना कादंबरीनं तिला थांबवलं.

"कोड उघडायच्या आधीच ओळ सांगितलीस. तुला माहीत होतं ना?"

अनुजा बाजूनं खाली उतरायला लागली, तशी कादंबरी आडवी आली.

"सरांना नाही सांगणार मी. पण मला एक फोन करायचास गं."

एवढं बोलून ती पुढे गेली. हवं ते पदरात पडलं होतं, आणि अनुजाला तिचा कधी नव्हे इतका हेवा वाटत होता.