बर्फखान्यातला खुंट्यांचा फळा

मित्रांनो, शाळेतल्या फळ्याशी माझा काही संबंध नाही. माझ्यावर कुणी कधी खडूने लिहिलं नाही, की ओल्या फडक्याने मला पुसलं नाही. मी बर्फाच्या कारखान्यातला एक जुना, खुंट्या खोचायचा फळा आहे. बोईसरहून नवापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हा कारखाना आहे आणि त्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत सध्या माझा मुक्काम आहे. खोलीला बाहेरून कुलूप आहे. अंगावर रिकामी पोती टाकलेली आहेत. मला दिसत काही नाही, पण ऐकू येतं. आणि जे ऐकू येत नाही, त्याचाच मला घोर लागला आहे.

माझा जन्म ठाण्याच्या एका लहानशा वर्कशॉपातला. लोखंडी कपाटात काळा चकचकीत फळा बसवला, त्याला आडव्या-उभ्या ओळींत भोकं पाडली, पाठीमागे तारांचा गुंता जोडला, की झालो मी तयार. डाव्या बाजूला लिहिलं होतं, काय घडलं ते. दार लागलं, थंडी पुरी झाली, टाकी भरली, आतली कळ दाबली. वरच्या बाजूला लिहिलं होतं, काय करायचं ते. पंखा, दिवा, कडी, घंटा, पंप. टाकी भरली की पंप थांबायला हवा ना? मग ती ओळ आणि तो रकाना जिथे भेटतात, त्या भोकात पितळी खुंटी खोचायची. पुढचं सगळं मी पाहून घेत असे. प्रत्येक ओळीसमोर मुगाच्या दाण्याएवढा दिवाही होता. ती गोष्ट घडली की तो लागायचा.

पण माझं दुःखही आताच सांगून टाकतो. जिथे खुंटी आहे, तेवढंच मला करता येतं. ज्या ओळीत खुंटी नाही, तिथलं मला कळतं सगळं, पण करता काहीच येत नाही. तोंडात बोळा कोंबून एखाद्याला चावडीवर बसवावं, तशी ही गत.

मला सांभाळायला मारुती होता. तो साताऱ्याकडचा. पॉवरहाऊसच्या बांधकामावर म्हणून इकडे आला आणि काम संपल्यावर इथेच राहिला. पहिल्या दिवशी तो मला हात लावायलाही बिचकत होता. महिनाभरात मात्र असा तरबेज झाला, की शेठने तोंडातून शब्द काढायचा अवकाश, याची खुंटी भोकात! पाहुणे आले की शेठ त्यांना आधी माझ्यासमोर उभं करत. दसऱ्याला मारुती मला हळदकुंकू लावायचा, अक्षता वाहायचा. एकदा अक्षतेचा दाणा घंटेच्या भोकात अडकला आणि मारुती अर्धा दिवस सुईने तो टोकरत बसला. ते माझे कौतुकाचे दिवस होते. फुगलो होतो मी, कबूल करतो.

आमच्याकडे बर्फाशेजारी एक थंड खोली होती. नवापूरच्या मासेवाल्या बायका आपलं म्हावरं तिथे ठेवायच्या. त्यांत काशीबाई म्हणजे खणखणीत नाणं. आवाज असा, की खाडीपलीकडच्या माणसाने मागे वळून पाहावं. आपल्या माशांच्या पाटीला ती दुसऱ्याचा हात लागू द्यायची नाही. स्वतः आत जायची, स्वतः रचायची, आणि तासाभराने सगळं जागेवर आहे ना ते बघायला पुन्हा यायची. बाकीच्या बायकाही तशाच. दार सारखं उघडं, थंडी बाहेर, आणि पापलेट नरम पडलं की खापर मारुतीच्या डोक्यावर!

शेवटी शेठ म्हणाले, “मारुती, दार एकदा लागलं की थंडी पुरी होईपर्यंत उघडताच येता कामा नये. आणि त्या बाया आतला दिवा चालू ठेवून जातात, तोही बंद कर.”

मारुतीने खुंट्या बदलल्या. दार लागलं की कडी पडायची. थंडी पुरी झाली की कडी सुटायची. आतल्या कळीने दिवा लागायचा, ती खुंटी त्याने काढून घेतली. ती ओळ रिकामी झाली. कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

दार लावण्याआधी आत कुणी आहे का, हे पाहायची कारखान्याची एक साधी रीत होती. कामगार आत जाताना चपला दाराशी काढायचे आणि गमबूट चढवायचे. दाराशी चपला दिसल्या, तर आत माणूस आहे. नसल्या, तर नाही. ही रीत कुणी शिकवली नव्हती, ती आपोआप पडली होती. मारुती तिच्यावर डोळे मिटून विसंबायचा.

नारळी पौर्णिमा होऊन होड्या नुकत्याच दर्यात जाऊ लागल्या होत्या. त्या दिवशी म्हावरं मायंदाळ आलं. दुपारची वेळ, अंगणात बर्फाचा ट्रक उभा, सगळ्यांची घाई. काशीबाई पाटी घेऊन आत गेली. मारुती दाराशी आला. त्याने खाली पाहिलं. चपला नव्हत्या. त्याने दार ढकललं.

मी कडी टाकली. तिथे खुंटी होती, मी काय करणार?

मग त्याने खारा वारा लागू नये म्हणून माझ्या कपाटाचंही दार लावलं आणि तो ट्रकवर बर्फ चढवायला गेला.

थोड्या वेळाने ‘आतली कळ’ या ओळीचा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. मित्रांनो, मला लगेच कळलं. आत माणूस आहे, अंधारात चाचपडत भिंतीवरच्या कळीपर्यंत पोहोचलं आहे. आधी ते दाबणं रागाचं होतं, भराभर. काशीबाईच ती, रागावणारच. मग घाबरं झालं. मी माझ्या त्या ओळीतली सगळी भोकं धुंडाळली. एकाही भोकात खुंटी नव्हती. घंटा माझ्याच शेजारी टांगलेली, पण तिच्यापर्यंत पोहोचायला मला वाट नव्हती. काशीबाई त्या खोलीत कोंडलेली आणि मी या कपाटात. तिला निदान ओरडता तरी येत होतं. पण थंडी धरून ठेवणाऱ्या बुचाच्या जाड भिंती आणि पंख्यांची घरघर, बाहेर काय ऐकू जाणार?

त्यात आत सगळं ताजं म्हावरं. थंडी पुरी व्हायला फार वेळ लागणार होता. पॉवरहाऊस उशाशी असूनही आमच्याकडची वीज एरवी घटकेघटकेला जायची. वीज गेली की कडी आपोआप सुटते. त्या दिवशी मात्र वीज ठाण मांडून बसली. जा गं बाई, एवढ्या वेळा जातेस, आज एकदा जा, असं मी मनात किती वेळा म्हटलं!

कळीचं दाबणं आता सावकाश झालं होतं. एकदा दाबलं की बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा एकदा, अगदी हलकं.

तेवढ्यात अंगणात काशीबाईच्या सुनेचा, सुगंधाचा आवाज आला.

“मारुतीदादा, आमची सासू कुठं हाय? कवाची वाट बघतंय मी.”

“गेली आसंल बाजाराला.”

“पाटी घेऊन इकडंच आली ती. आत नाय ना?”

“आत कोण न्हाई. दाराशी चपला कुठं हायत?”

“चपला?” सुगंधा ओरडलीच. “आमी चपला घालून कवा आलो रं इकडं?”

मारुतीच्या धावण्याचा आवाज आला. त्याने खोलीचं दार ओढलं, कडी पक्की होती. माझं कपाट धाडकन उघडलं. त्याला तो इवलासा दिवा दिसला, एकदा लागून विझताना. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्याने कडीची खुंटी दोन्ही हातांनी उपटून काढली, तशी कडी सुटली.

काशीबाईला पोत्यांत गुंडाळून मशीनच्या गरम नळाशी बसवलं. सुगंधा रडत रडत तिचे तळपाय चोळत होती. म्हातारीचे ओठ काळेनिळे पडले होते, आणि तिचा अंगठा हवेतच कळ दाबत होता. चहाचा घोट पोटात गेल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते मारुतीशी.

“मी कळ दाबत होते. तू आलास नाय.”

मारुती मान खाली घालून उभा राहिला. मला तर त्याच्याइतकीही सोय नव्हती.

बरी झाल्यावर ती आली, ती थेट माझ्यापुढे. “माजी कळ इकडं कुठं येते ते दाव.” मारुतीने ओळ दाखवली.

“हितं काय नाय?”

“न्हाई.”

“मंग घाल ना रे बाबा.”

मारुतीने कळ आणि घंटा भेटतात त्या भोकात खुंटी घातली, आणि पुन्हा कुणी काढू नये म्हणून हातोडीने ठोकून बसवली. काशीबाईने आत जाऊन कळ दाबली. घंटा अशी वाजली, की अंगणातली कुत्री पळाली. त्या दिवसापासून प्रत्येक बाई आत शिरली की आधी एकदा कळ दाबायची. मी आत हाय, असं सगळ्या कारखान्याला सांगायची. इतकी वर्षं मी काम केलं, पण त्या घंटेएवढा आनंद मला कशानेच दिला नाही.

पुढे काशीबाई थकली, तिच्या पाट्या सुगंधा आणू लागली. मारुती गावी परतला. मग एक नवं यंत्र आलं, लहानसं आणि शहाणं. त्याला खुंट्या लागत नाहीत. काय घडलं की काय व्हायला हवं, ते म्हणे पडद्यावर बोटांनी लिहून देतात. ते बसवायला आलेला मुलगा चांगला होता. त्याने माझ्या ओळी पाहून पाहून सगळं उतरवून घेतलं. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ठोकलेली ती खुंटी भोकात अगदी आत गेलेली आहे. वरून पाहणाऱ्याला तिथे रिकामं भोकच दिसतं. त्याला ती दिसली का? सांगायला मारुती नव्हता, आणि मला तोंड नव्हतं.

मित्रांनो, तेव्हापासून मी या खोलीत कान लावून पडलो आहे. सकाळी ट्रक येतो, तो ऐकू येतो. बायकांची बोलणी ऐकू येतात. सुगंधाचा आवाज तर आता हुबेहूब सासूसारखा झाला आहे. ती आत जाते, दार लागतं, तेही कळतं. पण घंटा काही ऐकू येत नाही. कदाचित नव्या यंत्राची घंटा हळू वाजत असेल. कदाचित मीच बहिरा झालो असेन. देव करो आणि तसंच असो.

तुमच्यापैकी कुणी इकडे आलं, तर मला पुसू नका, पोती काढू नका, माझी कीव करू नका. आधी त्या थंड खोलीत जा, दार धरायला बाहेर एकाला उभं करा, आणि भिंतीवरची कळ एकदा दाबून पाहा.