मोजपात्रातले गार पाणी

मी एक जुने मोजपात्र आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. कॅन्सरच्या वॉर्डात मी रुग्णांची लघवी मोजते.

आम्ही कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या भावंडांना स्वयंपाकघरे मिळाली. कुणात दूध, कुणात सरबत. माझ्या वाट्याला हे आले. आधी फार वाईट वाटले. मग कळले, इथे प्लॅटिनम या धातूपासून बनवलेले एक औषध देतात. ते गाठीशी झुंजते, पण कानांना आणि विशेषतः मूत्रपिंडांना इजा करू शकते. म्हणून आधी शिरेतून सलाइन देतात आणि लघवी पुरेशी होते ना, हे माझ्या रेघांवर पाहतात. मगच औषध लावतात.

एकदा नळदुरुस्तीचा धंदा करणारे एक काका हे औषध घ्यायला आले. दुपारी नात शाळेच्या फाटकाशी वाट पाहणार, म्हणून त्यांना सुटायची घाई. लघवी मात्र जेमतेम तळाशी. काकांनी स्वच्छतागृहातला नळ हळूच सोडला आणि मला वरच्या रेघेपर्यंत भरले. मला ओरडता येत नव्हते.

सिस्टरांनी हातमोजे घालून मला उचलले आणि त्या तिथेच थबकल्या.

"काका, हे गार कसं?"

"एसी किती ठेवलाय बघा ना!"

"एसीत मीही आहे. नळाचं पाणी घातलंत ना?"

काका ओशाळले. "अहो, पोर उभी राहील तिकडे. लावा की औषध, एवढ्यानं काय होतंय?"

"नातीला तुमची लेक आणेल, मी फोन करते. जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केलेत. तुमची ही दोन मूत्रपिंडं बिघडली तर सुटे भाग कुठून आणू?"

डॉक्टरांनी रक्त तपासले. मूत्रपिंडांवर ताण आला होता. घरी उलट्या झाल्या होत्या. काकांनी कुणाला सांगितलेच नव्हते. औषध पुढे ढकलले. काका रुसून भिंतीकडे वळले, पण सिस्टर बधल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात तपासण्या ठीक आल्या. सलाइननंतर काकांनी मला स्वतःच पुढे केले. "घ्या, हात लावून बघा!"

मी चांगले कोमट होते.

आता माझ्या रेघा पुसट झाल्या आहेत. "अंदाजाने चालवू," असे कुणी म्हणते. मित्रांनो, मला अंदाजाने चालवू नका. खुशाल टाकून द्या, नवे आणा. आणि घरात कुणी हे औषध घेत असेल तर त्यांना सांगा, उलट्या झाल्या, लघवी कमी झाली, कानात आवाज येऊ लागला, तर लपवू नका. माझ्यात थोडेच पडले तरी चालेल. खरे पडू द्या.